मोटरबोटीतील दोन बॅटऱ्या : निगेटिव्हची बाजू आधी आखा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छोट्या मोटरबोटीत दुसरी बॅटरी बसवण्याविषयी जे छापून येते आणि जे दुकानात सांगितले जाते, त्यात बहुतेक चर्चा लाल वायरचीच असते. स्विच कोणता घ्यावा, रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) कुठे लावावा, लिथिअम बरी की शिशाची, वगैरे. काळ्या वायरच्या वाट्याला एकच वाक्य येते, ‘निगेटिव्ह एकत्र जोडा’. ते वाक्य खरे आहे, पण एकत्र म्हणजे कुठे, किती जाड केबलने आणि कोणत्या क्रमाने, हे कोणी सांगत नाही. दोन बॅटऱ्यांच्या बोटीतले पुष्कळसे बिघाड नेमके इथून सुरू होतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी दुसरी बॅटरी कशासाठी, हे थोडक्यात. एक बॅटरी फक्त इंजिन सुरू करण्यासाठी राखायची आणि दुसरीवर दिवे, फिश फाइंडर (मासे शोधणारे यंत्र), जीपीएस, व्हीएचएफ (रेडिओ), पंप चालवायचे. स्टार्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ आणि जास्त असतात. ती काही सेकंद प्रचंड करंट देते, पण रोज अर्धी रिकामी केली तर लवकर मरते. वापराची बॅटरी डीप-सायकल, म्हणजे खोलवर रिकामी करून पुन्हा भरता येणारी, हवी. दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही, हेही ध्यानात ठेवावे. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी झाली, तर ५० अँपिअर-तास परत भरावे लागतात. आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेले, इंजिन चार्जिंगला १० अँपिअर देत असेल, तर तेवढ्यासाठी पाच तासांहून जास्त वेळ ते चांगल्या गतीने चालले पाहिजे, कारण शिशाची बॅटरी शेवटचा भाग हळूहळूच घेते. इंजिन संथ फिरत असताना तर बरीच छोटी इंजिने जेमतेम दोन-चार अँपिअर देतात. अशा बोटीत दुसरी बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेट चढते. तिथे किनाऱ्यावरच्या चार्जरची सोय आधी पाहावी, मग बॅटरी घ्यावी.

आता निगेटिव्हकडे. बॅटऱ्यांजवळ, कोरड्या जागी, एक जाड निगेटिव्ह बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) बसवावा. इंजिनाची जाड काळी केबल, दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह आणि उपकरणांच्या पॅनेलचे निगेटिव्ह असे सगळे या एका पट्टीवर यावे. बॅटरीच्या पोस्टवर (टर्मिनलवर) एकावर एक लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) चढवत जाण्याची सवय वाईट. एका स्टडवर (जोडाच्या बोल्टवर) जास्तीत जास्त चार लग ठेवावेत आणि सर्वांत जाड केबलचा लग तळाला असावा. वर बारीक आणि खाली बारीक, मध्ये जाड, असे झाले की स्टार्टरचा करंट बारीक लगच्या पत्र्यातून जातो आणि जोड तापू लागतो. पंखाच्या नटांनी, म्हणजे हाताने पिळायच्या विंगनटांनी, जाड केबल आवळू नये. ते इंजिनाच्या थरथरीने सुटतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) किंवा स्प्रिंग वॉशर घालून पान्याने आवळावे.

दोन बॅटऱ्यांचे निगेटिव्ह जोडणारी केबल किती जाड हवी, इथे सर्वांत जास्त गफलत होते. ‘हिच्यातून फक्त चार्जिंगचा करंट जातो’ असे समजून ६ किंवा १० चौरस मिमीची वायर टाकतात. पण स्टार्टरची बॅटरी उतरली आणि स्विच फिरवून वापराच्या बॅटरीवर इंजिन सुरू करायची वेळ आली, की स्टार्टरचा संपूर्ण करंट याच काळ्या केबलमधून परतणार. म्हणून ही केबल इंजिनाच्या केबलइतकीच जाड हवी. पॉझिटिव्ह बाजूला जिथे जिथे स्टार्टरचा करंट जाऊ शकतो, तिथे त्याच जाडीचा परतीचा मार्ग असला पाहिजे. बॅटऱ्या बोटीच्या दोन बाजूंना असतील तर लांबी वाढते, जाडीही त्या हिशेबाने वाढवावी.

ही जोडकेबल राहूनच गेली, किंवा आतून गंजून तुटली, तर दोष फसवा दिसतो. चार्जिंग रिलेचा दिवा लागतो, रिले दोन्ही पॉझिटिव्ह जोडतो, स्टार्टरच्या बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर दिसतात, पण वापराची बॅटरी १२.३ वर अडलेली असते. दिवे आणि फिश फाइंडर आपापल्या निगेटिव्हने नीट चालत राहतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. दोष रिलेच्या माथी मारला जातो आणि रिले बदलला जातो. रिलेत काही बिघडलेले नसते, करंटला परत यायला वाटच नसते.

याच्या उलटा प्रकार जास्त धोक्याचा. इंजिनाची जाड निगेटिव्ह केबल सैल झाली, तर स्टार्टर फिरवताना तो करंट दुसरी कोणतीही वाट शोधतो. इंजिनाच्या मीटरची बारीक काळी वायर, इंजिन आणि डिस्प्ले यांना जोडणाऱ्या डेटा केबलचे निगेटिव्ह, गिअरच्या केबलचे लोखंडी आवरण, ॲल्युमिनिअमच्या बोटीत तर अँटेनाच्या पायातून व्हीएचएफच्या कोअॅक्स केबलची जाळी. यांतली कुठलीही वायर शंभर-सव्वाशे अँपिअरसाठी बनलेली नाही. डॅशबोर्डमागे वायर वितळल्याचा वास आला आणि फ्यूज मात्र शाबूत, असे झाले तर आधी इंजिनाचा निगेटिव्ह बोल्ट तपासावा. फ्यूज पॉझिटिव्हमध्ये असतो, चोरवाट निगेटिव्हमधून गेलेली असते, म्हणून फ्यूज उडत नाही. दोन इंजिनांच्या बोटीत दोन्ही इंजिनांचे ब्लॉक (इंजिनाचे मुख्य धातूचे अंग) एकमेकांना स्टार्टरच्या केबलइतक्या जाड केबलने जोडावेत, तेही याच कारणासाठी.

बॅटरी मॉनिटर बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचा शंट (करंट मोजणारा भाग) वापराच्या बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टलगत येतो आणि त्या पोस्टवर शंटखेरीज काहीही जोडायचे नसते. एकही काळी वायर थेट पोस्टवर राहिली, की तिचा करंट मोजला जात नाही आणि मॉनिटर बॅटरी भरलेली दाखवत राहतो. बसबारकडे जाणारी केबल शंटच्या दुसऱ्या टोकापासून निघावी. इंजिन कधी या बॅटरीवर सुरू होणार असेल तर तो करंटही शंटमधून जाणार, तेव्हा ५०० अँपिअरचा शंट घ्यावा.

‘बोटीला अर्थिंग कुठे द्यायचे’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १२ व्होल्टच्या छोट्या आऊटबोर्ड बोटीत घरासारखी पट्टी पाण्यात सोडण्याची गरज नसते. निगेटिव्ह बसबार हीच सगळ्यांची परतीची जागा. प्रत्येक उपकरणाला पॉझिटिव्हबरोबर स्वतःची निगेटिव्ह वायर त्या पट्टीपर्यंत किंवा तिच्यापासून निघालेल्या उपपट्टीपर्यंत न्यावी. मोटारीत बॉडीवर स्क्रू मारून निगेटिव्ह घेतात, ती रीत बोटीत चालत नाही.

ॲल्युमिनिअमच्या बोटीत तर अजिबात नाही. इंजिनाचा ब्लॉक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो आणि इंजिन बोल्टने बोटीवर बसते, त्यामुळे बोटीचा पत्रा त्या एका जागी निगेटिव्हला लागतोच. ही एकच जागा असावी. कोणी नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, दिव्याचे निगेटिव्ह जवळच्या बोल्टला दिले, तर दिव्याचा करंट पत्र्यातून प्रवास करू लागतो. ओल्या तळात उघडी पॉझिटिव्ह वायर पडली तर याहून वाईट. भटक्या करंटने होणारी झीज दोन धातूंच्या संगतीने होणाऱ्या साध्या गंजापेक्षा कितीतरी वेगवान असते. महिने-वर्षांचे काम ती दिवस-आठवड्यांत उरकते, आणि झिंकचा ॲनोड तिच्यापुढे पुरा पडत नाही. ॲल्युमिनिअम बोटीच्या तळात तांब्याचे तुकडे, वायरची कातरणे, नाणीसुद्धा राहू देऊ नयेत, तेवढ्यानेही पत्र्याला खड्डे पडतात.

किनाऱ्याच्या विजेवर चालणारा चार्जर बोटीतच बसवलेला असेल, तर त्याच्या संरक्षक अर्थिंगमधून तुमची बोट धक्क्यावरच्या इतर बोटींशी विद्युतदृष्ट्या जोडली जाते. तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारा गंजकारक बारीक करंट अडवणारे उपकरण) लावावा. अर्थिंगची हिरवी वायर कापून टाकणे हा उपाय नव्हे. ती माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते.

पॉझिटिव्ह बाजूबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. ‘१-२-दोन्ही-बंद’ असा जुना फिरता स्विच वाईट नाही, पण तो माणसाच्या आठवणीवर चालतो. ‘दोन्ही’वर विसरला की नांगर टाकून रात्र काढताना दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरतात. इंजिन चालू असताना तो ‘बंद’मधून नेला, तर चार्जिंगला बॅटरी उरत नाही, व्होल्टेज क्षणात उसळते आणि बऱ्याच इंजिनांचा रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) जळतो. त्यापेक्षा दोन स्वतंत्र सर्किटांचा, ‘चालू-बंद-एकत्र’ असा स्विच बरा. त्याने इंजिन आपल्या बॅटरीवर, उपकरणे आपल्या बॅटरीवर, आणि अडचणीच्या वेळी दोन्ही एकत्र अशी सोय होते. चार्जिंगसाठी सोबत व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे व्हीएसआर. साधारणपणे तो १३.३ ते १३.७ व्होल्टच्या दरम्यान दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. त्याच्या स्वतःच्या बारीक निगेटिव्ह वायरलाही बसबारवरच जागा द्यावी, जवळच्या स्क्रूवर नको. ती वायर सैल असली की रिले टकटक करत लागतो-सुटतो. काही रिलेंना इंजिन सुरू करण्याच्या क्षणी जोड तोडणारी जादा वायर असते, ती स्टार्टच्या सिग्नलला जोडावी. ती मोकळी सोडली आणि त्या वेळी रिले जोडलेला असला, की चावी फिरवताच व्होल्टेज कोसळून जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात किंवा त्याला लागून असलेल्या जागेत स्विच, रिले, फ्यूज जे काही बसेल, ते इग्निशन-प्रोटेक्टेड, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारे, असल्याची खूण पाहून घ्यावे. पेट्रोलची वाफ पेटायला साध्या रिलेची ठिणगी पुरते. बॅटऱ्यांच्या कप्प्यालाही वरच्या बाजूला हवा जायला वाट हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तो वर साठतो. बॅटरी पट्ट्याने अशी बांधावी की कुठल्याही दिशेला ती एक इंचापेक्षा जास्त सरकू नये. पॉझिटिव्ह पोस्टवर रबरी टोपी हवीच.

फ्यूज कुठे बसवायचा, यावर वाद घालण्यासारखे काही नाही. अमेरिकेतील एबीवायसी या बोटींची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ई-११ मानकाचा नियम सुटसुटीत आहे : बॅटरीपासून ७ इंच, म्हणजे सुमारे १७५ मिमीच्या आत. थेट बॅटरीला जोडलेली वायर पूर्ण लांबीभर संरक्षक नळीत असेल, तर ही मर्यादा ७२ इंचांपर्यंत जाते. स्टार्टरच्या केबलला फ्यूजची सक्ती नाही. दोन बॅटऱ्यांना रिलेतून जोडणाऱ्या लाल केबलला मात्र दोन्ही टोकांना फ्यूज हवा. कारण या केबलच्या दोन्ही बाजूंना वीज आहे. मध्ये ती कुठे घासून उघडी पडली, तर एका टोकाचा फ्यूज उडेल आणि दुसरी बॅटरी तिला जाळत राहील. ही चूक चांगल्या कारागिरांकडूनही होते. फ्यूज वायरच्या कुवतीप्रमाणे निवडावा, उपकरणाच्या हौसेप्रमाणे नाही.

बिल्ज पंपाचा, म्हणजे तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाचा, स्वयंचलित फ्लोट स्विच (पाणी चढले की पंप चालू करणारा) मुख्य स्विचच्या अलीकडून, थेट वापराच्या बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज लावून जोडावा. मालक मुख्य स्विच बंद करून घरी गेला तरी पंप चालला पाहिजे. पंपावर लिहिलेल्या आकड्याचाच फ्यूज घालावा. पंख्यात दोरा अडकून पंप अडला की तो जास्त करंट ओढतो. मोठा फ्यूज असेल तर तो उडत नाही, पंप आणि वायर जळतात. फ्लोटच्या वायरचा जोड तळात न ठेवता पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर घ्यावा. पंप चालेनासा झाला की निम्म्या वेळा हा जोडच हिरवा पडलेला असतो, तोही बहुधा काळ्या वायरचा.

वायरची जाडी अंदाजाने घेऊ नये, हिशेब सोपा आहे. तांब्याच्या वायरचा रोध काढायला जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला ०.०१७५ ने गुणावे आणि चौरस मिमीमधल्या जाडीने भागावे. आलेल्या आकड्याला करंटने गुणले की व्होल्टेजची घट मिळते. समजा १० अँपिअरचे उपकरण ५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन १० मीटर. २.५ चौरस मिमीची वायर घेतली तर घट ०.७ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या जवळपास ६ टक्के. ६ चौरस मिमी घेतली तर ०.२९ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. नेव्हिगेशनचे दिवे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि पॅनेलची मुख्य वायर यांना ३ टक्क्यांची मर्यादा पाळावी, केबिनच्या दिव्यांसारख्या बिनमहत्त्वाच्या गोष्टींना १० टक्के चालतात. स्टार्टरचेही तेच. १५० अँपिअर आणि ३ मीटर अंतर असेल, तर ३५ चौरस मिमीच्या केबलमध्ये जाऊन-येऊन ०.४५ व्होल्ट पडतात, १६ च्या केबलमध्ये जवळजवळ एक व्होल्ट. थंड इंजिन आणि अर्धी बॅटरी असताना हाच एक व्होल्ट इंजिन सुरू होणे आणि न होणे यातला फरक ठरतो. इंजिनाच्या पुस्तिकेत केबलचा तक्ता असतो, तो शेवटचा शब्द.

वायर बारीक तारांची आणि टिन केलेली, म्हणजे प्रत्येक तारेला कल्हई असलेली घ्यावी. साध्या तांब्यात खारे पाणी आवरणाच्या आतून हातभर चढते आणि वायर बाहेरून नवी दिसत असताना आत काळी पडते. काळी पडलेली तार कापून नवा लग लावायचा, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे जावे. कधी कधी पूर्ण वायरच बदलावी लागते. घरगुती एकसंध तारेची वायर थरथरीने तुटते, ती नको. लग योग्य मापाच्या क्रिम्पिंगच्या साधनाने दाबावा, हातोडीने चेपू नये. नुसत्या डाखावर (सोल्डरवर) जोड सोडू नये : जोड तापला की डाख वितळतो, आणि डाख जिथे संपतो तिथे वायर ताठ होऊन तुटते. क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवावी. गोंद दोन्ही टोकांना बाहेर आलेला दिसला पाहिजे. काळ्याऐवजी निगेटिव्हला पिवळी वायर वापरता आली तर उत्तम, मानकांनाही ती मान्य आहे. बोटीत किनाऱ्याची वीज असेल तर काळ्या वायरवरून होणारा घोटाळा टळतो. होकायंत्राजवळून जाणाऱ्या लाल-काळ्या वायरींना एकमेकींचा पीळ द्यावा, म्हणजे त्यांचे चुंबकीय क्षेत्र एकमेकाला खोडते.

लिथिअमचा मोह हल्ली सर्वांना आहे, म्हणून एवढे सांगितलेच पाहिजे. वापराची बॅटरी लिथिअम आयर्न फॉस्फेटची आणि स्टार्टरची शिशाची असेल, तर साध्या व्हीएसआरवर भागत नाही. भरलेली लिथिअम बॅटरी नुसती ठेवली तरी १३.३ व्होल्टच्या आसपास राहते, त्यामुळे १२.८ ला सुटणारा रिले इंजिन बंद केल्यावरही सुटत नाही आणि एक बॅटरी दुसरीला खेचत राहते. शिवाय तिचा आतला रोध इतका कमी, की रिकामी असताना ती इंजिनाचा सगळा चार्ज गिळते आणि स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी गुंडाळी) तापतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर घालावा. तो मर्यादित करंट घेतो आणि योग्य व्होल्टेज देतो. निगेटिव्ह तिथेही एकाच पट्टीवर, फक्त लिथिअमचा फ्यूज क्लास टी प्रकारचा घ्यावा, कारण शॉर्ट झाल्यास येणारा करंट साधा फ्यूज तोडू शकेलच असे नाही.

काम करताना आधी निगेटिव्ह काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, हे सगळ्यांना माहीत असते. दोन बॅटऱ्यांच्या बोटीत दोन्ही निगेटिव्ह काढावे लागतात, हे मात्र विसरले जाते. एकच काढले तर दुसरीच्या जोरावर बोटीतली जवळपास प्रत्येक लाल वायर जिवंत असते, आणि पाना चुकून ब्लॉकला टेकला की मोठी ठिणगी पडते.

सगळे जोडून झाल्यावर एक साधा मल्टिमीटर घेऊन तपासणी करावी. इंजिनाची सुरक्षा-दोरी काढून ठेवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, प्रत्यक्ष शिशावर टेकवावे, लगवर नव्हे. दुसरे टोक इंजिनाच्या ब्लॉकवर रंग नसलेल्या जागी. साथीदाराने स्टार्टर पाच-सहा सेकंद फिरवावा. वाचन ०.२ व्होल्टच्या आत असावे, केबल लांब असेल तर फार तर ०.३. जास्त आले तर दुसरे टोक क्रमाने मागे आणावे, आधी बसबार, मग लग. जिथे आकडा एकदम उतरतो, ती जागा आणि तिच्या आधी तपासलेली जागा यांच्या मधल्या जोडात दोष असतो. हीच तपासणी स्विच फिरवून दुसऱ्या बॅटरीवर करावी. दोन बॅटऱ्यांच्या जोडकेबलचा कस इथेच लागतो, आणि नेमकी हीच तपासणी सहसा कोणी करत नाही. नंतर इंजिन चालू करून जरा गतीवर आणावे, रिले लागला की दोन्ही बॅटऱ्यांवरचे व्होल्टेज पाहावे. चार्ज चालू असताना केबलमधली घट धरूनही दोहोंत दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक राहू नये. जास्त असेल तर मीटरची टोके दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह पोस्टवर ठेवावीत. तिथे काही मिलिव्होल्ट दिसले तर निगेटिव्ह ठीक, मग रिले आणि फ्यूज तपासावेत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर रिलेला हात लावू नये, काळी केबल उघडावी. मिळालेली वाचने तारखेसह बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावीत, पुढच्या हंगामात ताडून पाहायला तीच उपयोगी पडतात.

आपले,
छोट्या बोटींच्या वायरिंगचे काम करणारे काही कारागीर